बाबांचं तूप-तेल बंद करायचं का? चरबी, कर्करोग आणि प्रतिकारशक्तीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका ताईंच्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं आणि वर्षभराने मानेत पुन्हा गाठ आली. आता डॉक्टरांनी कमी डोसचं निवोलुमॅब (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला मोकळं करणारं, म्हणजे इम्युनोथेरपीचं औषध) आणि सोबत गोळ्या सुचवल्या आहेत. दरम्यान घरात कुणीतरी वाचलं की कर्करोग चरबीवर पोसतो आणि चरबीमुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी लुळ्या पडतात. म्हणून दोन महिने बाबांचं तूप, तेल, दाणे, खोबरं सगळं बंद. वजन ५८ किलोवरून ५३ वर आलंय. दुसरीकडे मावशी कीटो डाएट, म्हणजे भात-पोळी-साखर जवळपास बंद आणि चरबी भरपूर असा आहार, करा म्हणून मागे लागल्या आहेत. मोठ्या भावाचं पोट सुटलंय, तंबाखूही आहे, त्याने काय करावं, हेही ताईंनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर सांगते, कारण मागून सांगितलं तर आणखी दोन दिवस जातील. बाबांचं तूप-तेल आजपासून सुरू करा. आणि हे वजन उतरल्याचं येत्या भेटीपर्यंत न थांबता डॉक्टरांना कळवा, फोनवर कळवता आलं तर फोनवर.

आता कारणं. ती लांबलचक आहेत, पण सांगणं भाग आहे, कारण तुमच्या घरात जे वाचलं गेलं ते खोटं नाही. मूळ शोध खरे आहेत, चांगल्या प्रयोगशाळांतले आहेत, आणि त्यातला एक तर थेट तोंडाच्या कर्करोगाबद्दलच आहे. चूक होते ती प्रयोगशाळेतल्या उंदरावरून थेट बाबांच्या ताटावर उडी मारताना.

कर्करोग आणि साखर ही जोडी सगळ्यांना ठाऊक असते. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीतल्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात. पेट स्कॅन याच गुणावर चालतो. किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि जिथे ते जास्त ओढलं जातं तिथे चित्र उजळतं. त्यामुळे डोळ्यांना दिसते ती साखर. चरबीचा हिशेब त्या चित्रात येतच नाही. प्रोस्टेटचा कर्करोग कित्येकदा साध्या पेट स्कॅनमध्ये मंद दिसतो, याचं एक कारण म्हणजे त्याचा भर साखरेपेक्षा मेदाम्लांवर, म्हणजे चरबी ज्यांची बनते त्या घटकांवर, अधिक असतो.

सूक्ष्मदर्शकाखालीही हीच अडचण. बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून काढतात. त्यात पेशीतली चरबी विरघळून निघून जाते. काचपट्टीवर उरतात गोल, रिकामी, पांढरी भोकं. तोच तुकडा गोठवून कापला आणि ऑइल रेड ओ नावाचा रंग दिला, तर त्याच भोकांच्या जागी लालभडक थेंब दिसतात, कधी पेशीभर. रोजच्या तपासणीत हा रंग कुणी वापरत नाही, कारण निदानासाठी त्याची गरज पडत नाही. पण ज्याने एकदा हे थेंब पाहिले, त्याला गाठ चरबी साठवते की नाही हा प्रश्न उरत नाही.

गाठ चरबी दोन वाटांनी मिळवते. एक म्हणजे स्वतः तयार करणं. आपल्या शरीरात बहुतेक पेशी मेदाम्लं रक्तातून घेतात, बनवत बसत नाहीत. हे काम मुख्यतः यकृताचं, चरबीच्या पेशींचं आणि दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनाचं. पण १९५० च्या दशकातच दिसलं होतं की गाठीचे तुकडे स्वतः मेदाम्लं बनवतात. पुढे १९९४ मध्ये स्तनाच्या ज्या कर्करोगांचं भवितव्य वाईट असतं त्यांत सापडणारं एक प्रथिन म्हणजे मेदाम्लं बनवणारं एन्झाइमच आहे, हे सिद्ध झालं. त्याचं नाव फॅटी ॲसिड सिंथेज. ते ग्लुकोजपासून आलेले दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत जातं आणि सोळा कार्बनचं पामिटिक ॲसिड तयार करतं. पेशीला दुप्पट व्हायचं तर नवं आवरण लागतं आणि ते आवरण मेदाम्लांचंच असतं. म्हणजे साखरेची गोष्ट आणि चरबीची गोष्ट वेगळी नाहीच. गाठीने ओढलेल्या साखरेतलाच काही भाग पुढे चरबी होतो.

इथेच ‘तेल बंद करा’ या सल्ल्याचा पहिला धागा तुटतो. बाबांनी तेलाचा थेंब घेतला नाही तरी त्यांचं यकृत भात-साखरेपासून पामिटिक ॲसिड बनवणार, गाठही बनवणार. शिवाय खाणं कमी पडलं की अंगातली साठलेली चरबी विरघळून रक्तात उतरते. उपाशी माणसाच्या रक्तात सुटी मेदाम्लं जेवलेल्या माणसापेक्षा जास्त असतात. गाठीची उपासमार करायला जावं आणि माणसाची व्हावी, असा हा प्रकार आहे.

दुसरी वाट बाहेरून घेण्याची. तुमच्या घरी जे पोहोचलं ते बहुधा या संशोधनातलं. बार्सिलोनाच्या एका गटाने २०१७ मध्ये माणसाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांच्या जिभेत वाढवल्या. त्यांत थोड्याशा पेशी अशा निघाल्या की ज्यांच्या अंगावर सीडी-३६ नावाचं, मेदाम्लं आत घेणारं प्रथिन भरपूर होतं. मानेच्या गाठींत आणि फुफ्फुसांत पसरण्याचं काम प्रामुख्याने याच पेशी करत होत्या. उंदरांना चरबीयुक्त खाणं दिलं तर पसरणं वाढलं, सीडी-३६ अडवणारी प्रतिपिंडं दिली तर ते थांबलं. मूळ गाठीच्या वाढीवर मात्र त्या प्रतिपिंडांचा फारसा परिणाम झाला नाही. २०२१ मध्ये त्याच गटाने आणखी खोलात जाऊन पाहिलं. पामिटिक ॲसिडचा थोडा काळ सहवास झालेल्या पेशी नंतर साधं खाणं खाणाऱ्या उंदरात नेल्या, तरी पसरण्याची खोड त्यांना राहिलीच. ओलेइक आणि लिनोलेइक या मेदाम्लांनी असं झालं नाही.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे आणि ऐकीव माहितीत नेमकं तेच गळतं. ‘चरबी’ म्हणून एकच पदार्थ नसतो. पाम तेलात पामिटिक ॲसिड चाळीस टक्क्यांहून जास्त असतं. शेंगदाणा तेलात ते दहा टक्क्यांच्या आसपास आणि त्यात सर्वात मोठा वाटा ओलेइकचा. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक जवळपास सारखे. करडईत लिनोलेइकच बहुतांश. जवसात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक. तुपात पामिटिक बऱ्यापैकी असतं, साधारण पाव भाग, पण चमचा-दोन चमचे तूप आणि पाम तेलात तळलेल्या फरसाणाची पिशवी यांची बरोबरी करू नका. बाजारातलं फरसाण, खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं यांत पाम तेल किंवा वनस्पती तूप सर्रास असतं. पाकिटावर ‘खाद्य वनस्पती तेल’ असं लिहून कंसात पाम किंवा पामोलिन असतं, ते वाचा. बाबांच्या बाबतीत काही कमी करायचंच असेल तर ते हे. शेंगदाणा किंवा तिळाचं तेल नव्हे.

दुसऱ्या अवयवांतही असंच दिसलं आहे. अंडाशयाचा कर्करोग पोटातल्या वपेकडे धाव घेतो, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना जुनं ठाऊक आहे. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली ही मऊ पिवळी झालर या आजारात हाताला घट्ट, वडीसारखी लागते. ती तिकडेच का जाते, याचं उत्तर २०११ मध्ये शिकागोच्या गटाने दिलं: वपेतल्या चरबीच्या पेशी आपली मेदाम्लं कर्करोगाच्या पेशींना थेट पुरवतात आणि त्या ती जाळून ऊर्जा घेतात. एका पामिटिक रेणूतून शंभराहून अधिक एटीपी (पेशी ऊर्जा म्हणून वापरते ते रेणू) मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूतून तीसच्या आसपास. तर चरबी गाठीला आवरणासाठी लागते, इंधन म्हणून लागते, आणि तिच्यापासून संदेश पाठवणारे रेणूही बनतात. त्या रेणूंकडे पुढे येते.

आता प्रतिकारशक्ती. गाठीत शिरून कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी उपाशीपोटी लढू शकत नाहीत. त्यांनाही चरबी लागते. विशेषतः ज्या टी-पेशी लढाईनंतर वर्षानुवर्षं शत्रूची आठवण ठेवून टिकतात, त्या मेदाम्लं जाळण्यावर अवलंबून असतात, हे २००९ पासून माहीत आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या ज्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडण्याला) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्यात पेशींना जो ४-१बीबी नावाचा जोड दिलाय, तो टी-पेशींना याच वळणावर नेतो: मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात, चरबी जाळण्याची क्षमता वाढते, पेशी जास्त टिकतात. तेव्हा चरबी ही प्रतिकारशक्तीची वैरी असं म्हणणं साफ चुकीचं आहे.

वैर निर्माण होतं ते गाठीच्या आत, वाटणीवरून. हार्वर्डच्या एका गटाने २०२० मध्ये लठ्ठ केलेल्या उंदरांत हे नीट दाखवलं. शरीरात चरबी मुबलक, तरीही गाठीतल्या टी-पेशींना ती मिळेना, कारण गाठीच्या पेशींनी आपली ओढण्याची ताकद वाढवली आणि टी-पेशींना तसं करता आलं नाही. चाळीतल्या सामाईक लाइनला एकाने थेट मोटर लावली की टाकी भरलेली असूनही शेजाऱ्यांच्या हंड्यात थेंब पडत नाही, तसंच हे. गाठीच्या पेशींतला तो एक बदल संशोधकांनी उलटा फिरवला, तेव्हा टी-पेशी पुन्हा कामाला लागल्या. उंदरांचं खाणं तेच होतं. मला या प्रयोगातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. उपाय ताटात नव्हता, ओढणाऱ्या हातात होता.

याच्या उलट प्रकारही घडतो. गाठीत कोलेस्टेरॉल आणि ऑक्सिडाइझ झालेली, म्हणजे खवट झालेली चरबी साचते. थकलेल्या टी-पेशींच्या अंगावर पुन्हा तेच सीडी-३६ उगवतं आणि त्या ही खवट चरबी आत घेतात. ती आत पेशीच्या आवरणाला नासवते, पेशी कमजोर होते, मरते. २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. गंमत पाहा, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या ज्या टी-पेशी असतात, त्या मात्र याच प्रथिनाच्या जोरावर गाठीत तग धरतात. नैसर्गिक मारक पेशी या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी, त्यांचंही असंच. लठ्ठपणात त्यांच्या आत चरबी साचते, त्या कर्करोगाच्या पेशीला ओळखतात, जाऊन चिकटतातही, पण मारण्याचं साहित्य तिच्या दिशेने सरकवू शकत नाहीत. तुमच्या घरी ‘पेशी लुळ्या पडतात’ असं जे कळलं ते बहुधा हे. पण हे लठ्ठपणातलं चित्र आहे. ५३ किलोच्या, गालफडं बसलेल्या माणसाचं नाही.

लठ्ठपणाचंही चित्र एकरंगी नाही. २०१९ मध्ये दिसलं की लठ्ठ उंदरांत टी-पेशी जास्त थकलेल्या असतात, गाठ जोमाने वाढते, पण निवोलुमॅबच्या जातीचं औषध दिलं की याच उंदरांत परिणाम चांगला येतो. काही रुग्णगटांतही तसंच आढळलं. याचा अर्थ वजन वाढवून औषध घ्यावं असा मुळीच नाही. ‘अंगात चरबी आहे म्हणजे इम्युनोथेरपी लागू पडणार नाही’ हे गणित मात्र बसत नाही, एवढं नक्की.

आता बाबांच्या उपचाराकडे येते, कारण तिथे चरबीचा विषय अगदी थेट येतो आणि तो कुणी तुम्हाला सांगितला नसावा. कमी डोसचं निवोलुमॅब हा उपचार टाटा मेमोरियलच्या चाचणीतून आलेला आहे, डोक्या-मानेच्या अशाच पुढे गेलेल्या कर्करोगांसाठी. दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि सोबत तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब आणि सेलेकॉक्सिब. १५१ रुग्णांच्या या चाचणीत नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, निवोलुमॅब जोडल्यावर ते ४३.४ टक्के झालं. हा आजार बरा करणारा उपचार नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पण ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही अशा हजारो घरांसाठी हा फरक फार मोठा आहे, आणि तो परळमध्ये सिद्ध झाला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्यातली सेलेकॉक्सिब पाहा. सांधेदुखीची गोळी म्हणून औषधाच्या दुकानात मिळते. पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं एक मेदाम्ल असतं. त्यापासून कॉक्स-२ हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं. प्रोस्टाग्लँडिन्स आणि ॲस्पिरिनचा त्यांच्यावरचा परिणाम यांवरच्या कामाला १९८२ चं नोबेल मिळालं. सूज, ताप, वेदना यांमागे हा रेणू असतो, पण गाठीत तो आणखी एक काम करतो: मारक पेशींना आणि टी-पेशींना थोपवून धरतो. मघाशी चरबीपासून बनणारे संदेशाचे रेणू म्हणाले, ते हेच. सेलेकॉक्सिब ही साखळी मध्येच तोडते. चाचणीत तिचा नेमका वाटा किती होता हे वेगळं मोजलेलं नाही, पण तिला तिथे जागा मिळण्यामागे हे जीवशास्त्र आहे.

म्हणून एक विनंती. बरेच रुग्ण दुखणं कमी झालं की ‘आता पेनकिलर कशाला’ म्हणून हीच गोळी परस्पर थांबवतात. बाबांना तसं करू देऊ नका. मात्र पोटात जळजळ, काळी शौच, पायांवर सूज, लघवी कमी होणं किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. थांबवायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. आणि ती सुरू असताना घरातली दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी वरून देऊ नका.

आणखी एक गोष्ट, तीही चरबीशी जोडलेली. २०१२ मध्ये पेशी मरण्याच्या एका प्रकाराला फेरॉप्टोसिस असं नाव मिळालं. पेशीच्या आवरणातली बहु-असंतृप्त मेदाम्लं लोहाच्या मदतीने ऑक्सिडाइझ होतात, आवरण फाटतं, पेशी मरते. टी-पेशी कर्करोगाच्या पेशींना मारताना या मार्गाचाही वापर करतात, हे २०१९ मध्ये दिसलं. रेडिएशनच्या परिणामातही त्याचा वाटा असतो. आणि आवरणातली चरबी अशी ऑक्सिडाइझ होऊ न देणारा आपल्या शरीरातला एक मोठा पहारेकरी म्हणजे ई जीवनसत्त्व. कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि नंतर ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन पाहिले होते. २००५ मध्ये निकाल आले: गोळ्या चालू असेपर्यंत नवे कर्करोग होण्याचं प्रमाण त्या गटात वाढलं. दोन्ही गोष्टींची सांगड मी घालते आहे, चाचणीने यंत्रणा सिद्ध केलेली नाही. पण तेवढ्यावर मी माझ्या रुग्णांच्या पिशवीतून ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल काढून घेते. दाण्यांतून, तिळातून मिळणारं ई जीवनसत्त्व वेगळं, ते खुशाल घ्यावं.

मावशींच्या कीटोबद्दल. हा आहार बाबांना नको, आणि कारण पुन्हा याच जीवशास्त्रात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने कर्करोगाने अंग झिजत चाललेल्या उंदरांना कीटो आहार दिला. गाठ हळू वाढली, कारण गाठीत फेरॉप्टोसिस वाढलं. पण उंदरांची झीज आणखी वेगाने झाली आणि ते लवकर मेले. गाठ लहान आणि प्राणी मेलेला, हा निकाल ज्याने नीट वाचलाय तो वजन उतरत असलेल्या रुग्णाला कीटो सांगणार नाही.

झीज हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर त्याला आम्ही कर्करोगजन्य झीज मानतो. बाबांचं दोन महिन्यांत आठ टक्क्यांहून जास्त उतरलंय. त्यात तुम्ही बंद केलेल्या तेलाचा वाटा किती आणि आजाराचा किती हे आता सांगता येणार नाही. तेल सुरू केल्यावर कळेल. झिजेत गाठ आणि शरीराची सूज मिळून चरबीच्या पेशींना रिकामं व्हायला लावतात, पाठोपाठ स्नायू जातात. स्नायू गेले की औषध झेपत नाही, डोस पुढे ढकलावे लागतात. अशा रुग्णाच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, साखर नीट वापरली जात नाही. पण चरबी वापरली जाते. म्हणून युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या कर्करोगविषयक मार्गदर्शक सूचना वजन उतरत असलेल्या, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या रुग्णांत पिष्टाच्या तुलनेत चरबीतून मिळणारी ऊर्जा वाढवायला सांगतात. तुमच्या घरात जे झालं त्याच्या बरोबर उलट.

हिशेब सोपा आहे. किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते दीड ग्रॅम प्रथिनं. ५३ किलोला रोज साधारण १३०० ते १६०० कॅलरी, आणि ५३ ते ८० ग्रॅम प्रथिनं. आता रेडिएशननंतर ज्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, लाळ सुटत नाही, घास टाळ्याला चिकटतो, त्या माणसाने कोरडी पोळी आणि उकडलेली भाजी खाऊन एवढं गाठायचं कसं? दोन वाट्यांत दमतो तो. चहाचा एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. दिवसभरात भातावर, वरणात, पेजेत, खिमटीत मिळून आठ चमचे तूप-तेल गेलं तर ३६० कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. शिवाय तुपाने घास सरकतो. लाळ नसलेल्या तोंडाला याचं मोल फार.

दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा आणि चार-पाच दिवसांत वाढवा, म्हणजे पोट बिघडणार नाही. तूप, शेंगदाणा तेल, तिळाचं तेल असं आलटून पालटून. आसट मुगाची खिचडी, दूध घालून नाचणीचं सत्त्व, अंड्याचं मऊ ऑम्लेट किंवा कढीत सोडलेलं अंडं, पनीर कुस्करून, दाण्याचं बारीक वाटलेलं कूट ताकात. मासे खात असतील तर रावस किंवा ओले बोंबील काटे काढून, तिखट न घालता, नारळाच्या दुधात. दोन-दोन तासांनी थोडं थोडं. गिळताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओला, घोगरा येत असेल तर तोंडाने भरवणं थांबवा आणि आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. अशा वेळी नाकातून नळी सुचवली तर घाबरू नका. ती काही काळासाठीही असू शकते आणि तिने माणूस उभा राहतो. जमेल तेवढं चालणं आणि बसून उठण्याचा व्यायामही हवा, नाहीतर खाल्लेलं स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. वहीत लिहून ठेवा आणि ती वही दर भेटीला न्या.

कमी चरबीचा आहार कर्करोगात कुणालाच उपयोगी नाही का? तसंही नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या २,४३७ स्त्रियांच्या चाचणीत कमी चरबीच्या गटात आजार परतण्याचं प्रमाण कमी आढळलं. ३,०८८ स्त्रियांच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. पहिल्या चाचणीत त्या गटाचं वजनही उतरलं होतं, दुसरीत नाही. माझं मत वजनाच्या बाजूने झुकतं. पण त्या उपचार संपलेल्या, धडधाकट स्त्रिया होत्या, बाबांची परिस्थिती अगदी वेगळी आहे. आणि फॅटी ॲसिड सिंथेज, सीडी-३६ यांना अडवणारी औषधं अजून चाचण्यांतच आहेत. त्यांच्या नावाखाली कुणी वजन कमी करण्याच्या गोळ्या देऊ केल्या तर बाबांना देऊ नका.

राहिले दादा. पोटावरची चरबी त्यांनी कमी करावीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीशी नक्की संबंध असलेले १३ कर्करोग सांगितले: मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, पित्ताशय वगैरे. पुरुषांना लागू पडणारे त्यात बरेच आहेत. रोजचं चालणं, वडापाव-फरसाण-थंड पेयं कमी, दारू असेल तर ती बंद. पण तोंडाचा कर्करोग त्या तेरांत नाही, आणि तुम्ही लिहिलंय की दादा तंबाखू खातात. त्यांच्यासाठी आज तेलापेक्षा ते पाहणं जास्त गरजेचं आहे. बाबांना पुढच्या वेळी दाखवायला न्याल तेव्हा दादांचंही तोंड तिथेच तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम, तिखट झोंबणं, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर तेवढीही वाट पाहू नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे. फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही फक्त लावून हातात द्या.